उखर्डूच्या बदल्यात रुपचंद

धुळे
१२ ऑक्टोबर १९८६

पुनाभाऊ,

अभिमनचा रामराम. माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच फेकून द्याल, अशी धास्ती वाटली, म्हणून पत्ता मुलीच्या हातून लिहवून घेतला. आता फोडलंच आहे, तर वाचा.

धुळ्याच्या अंतिम सामन्यात पंचाने तुमच्या पोरांविरुद्ध निकाल दिला आणि तुम्ही माझ्या घरचं वाढलेलं ताट तसंच ठेवून एस.टी. धरलीत, त्याला पावणेदोन वर्षं झाली. पंच मी नेमला नव्हता, हे मी तेव्हाही सांगत होतो. जाऊ द्या. आपण दोघं तरुणपणी एका संघातून कबड्डी खेळलो. चढाईत मी बाद झालो तरी डाव्या कोपऱ्यात पुनाभाऊ आहेत, ते पुढच्याला धरतील, एवढा भरवसा असायचा. त्या भरवशावरच आज सल्ला मागतो आहे.

आमचा चढाईचा गडी रेल्वेत लागून मुंबईला गेला. संघ लंगडा झाला आहे. तुमच्या गिरणाकाठ मंडळाच्या चिटणीसांचा निरोप आला: उखर्डूला घ्या, बदल्यात तुमचा रुपचंद द्या. रुपचंद म्हणजे आमचा डावा कोपरा. या घडीला धुळ्यात त्याच्यासारखी पकड कोणाची नाही. आमचे अध्यक्ष दलिचंदशेठ म्हणतात, घेऊन टाका, माझ्या तेलगिरणीत पोराला कामही देतो. बाकीचे म्हणतात, अभिमनला वेड लागलं का. रुपचंद तर माझ्याशी बोलेनासाच झाला आहे. ‘मोडक्या माणसाच्या बदल्यात मी?’ असं गावभर म्हणत फिरतो.

दोन वर्षांपूर्वी शिंदखेड्याला मी उखर्डूची हनुमान उडी पाहिली होती. खाली वाकलेल्या दोघांच्या डोक्यावरून हा गडी गेला आणि मध्यरेषेवर हात टेकूनच थांबला. अख्खं मैदान उभं राहिलं होतं. गेल्या महिन्यात तिथेच त्याला पुन्हा पाहिला आणि मला धक्काच बसला. चढाई मोजली जावी एवढ्यापुरती निदानरेषा ओलांडायची आणि परत यायचं, एवढंच. मध्ये घुसला की पकडला जायचा. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, “हाऊ पोऱ्या बठ्ठा मोडेल शे.” पुरता मोडलेला? वय फार तर तेवीस. पाय धड, छाती धड. मग याला झालं काय?

तुम्ही मंडळ सोडलंत असं कानावर आलं. पण पहूरजवळच्या खेड्यातून त्याला उचलून आणणारे आणि घडवणारे तुम्हीच. घ्यावा की घेऊ नये, एवढं सांगा.

जीवराम खेळ सोडून सुरतेच्या गिरणीत लागल्याचं भुसावळला कळलं. तुमचा मुलगा आणि तुमच्याच कोपऱ्यात खेळणारा. त्याने खेळ सोडावा याचं वाईट वाटलं. त्याला माझा आशीर्वाद कळवा. कमलवहिनींना नमस्कार.

तुमचा
अभिमन


पिंप्राळा, जळगाव
२० ऑक्टोबर १९८६

अभिमन,

पत्र मिळालं. उखर्डूला घेऊ नको.

त्याचा दम गेला आहे. सरावाला वेळेवर येत नाही, आला तर मध्येच निघून जातो. चोपड्याची स्पर्धा अर्धी टाकून घरी पळून आला होता. धुळ्याला नेलास तर आठवडाभरात इकडे परत येईल आणि तुझं हसं होईल. रुपचंदसारखा कोपरा सोडणं हा मूर्खपणा आहे. मंडळ मी सोडलं, पण खेळ विसरलेलो नाही.

जीवराम सुरतेला ठीक आहे. त्याच्याबद्दल काळजी नको.

पुना


धुळे
९ नोव्हेंबर १९८६

पुनाभाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि सुन्न झालो. तुम्ही तापट आहात हे मला नवीन नाही. पण स्वतः घडवलेल्या पोराबद्दल तुम्ही एक चांगला शब्द लिहू नये? तुमची भावजय ताईबाई म्हणाली, “हे पुनाभाऊंचं पत्र नाही, त्यांच्या नावाने दुसऱ्या कोणी लिहिलं असेल.” मी अक्षर दाखवलं तेव्हा तिने ते उजेडात धरून पाहिलं.

म्हणून दिवाळी झाल्यावर मी फैजपूरला गेलो. तिथे उखर्डू खेळणार होता. मी दोरीला लागून बसलो. पुनाभाऊ, त्याचा दम गेलेला नाही. ‘कबड्डी कबड्डी’चा शब्द खणखणीत, छाती भात्यासारखी. एका चढाईत समोरचा डावा कोपरा खाली बसला आणि घोट्यात सूर मारायला झेपावला. उखर्डूने ते पाहिलं. आपलं आयुष्य या खेळात गेलं, कोणाला दिसलं आणि कोणाला नाही हे आपल्याला कळतं. त्याने पाय वर उचलला. आणि मग तो पुन्हा खाली ठेवला. हळूच. समोरच्याच्या हातात दिला म्हणा ना. मी जागेवरच ओरडलो. असं मी कधी पाहिलं नव्हतं. तो पकडला जात नाही, पुनाभाऊ. तो पकडू देतो.

सामना संपल्यावर तो नळावर पाय धूत होता. मी जाऊन विचारलं, “धुळ्याला येतोस का?” तो म्हणाला, “पुनाभाऊंले इचारा. ते नही म्हने तं नही.” मी म्हटलं, “तुझं तू सांग.” तर खाली बघून विचारतो, “धुळ्याहून रोज संध्याकाळी जळगावले येता येईन का?” मला काही अर्थ लागला नाही. रोज जळगावला कोणासाठी यायचं आहे याला?

आता स्पष्ट विचारतो, कारण दलिचंदशेठ मला तेच विचारत आहेत. हा पोरगा मुद्दाम हरतो का? कोणाच्या सांगण्यावरून सामने सोडतो का? तसं असेल तर आमच्या मैदानाच्या आसपासही मी त्याला फिरकू देणार नाही. तुम्हाला ठाऊक असणारच. हो की नाही, एका शब्दात कळवा. तुमचा शब्द मी शेवटचा मानेन.

अभिमन


पिंप्राळा
१५ नोव्हेंबर १९८६

अभिमन,

हो. तसंच समज.

या विषयावर पुन्हा लिहू नको.

पुना


पिंप्राळा
३ डिसेंबर १९८६

अभिमनभाऊ यांना कमलबाईचा नमस्कार.

मी चौथीपर्यंतच शिकले. पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. हे पत्र मी जीवरामच्या बाबांपासून लपवून लिहीत नाही. त्यांना सांगून बसले आहे. ते बाहेर ओट्यावर आहेत. लिही म्हणाले नाहीत, नको असंही म्हणाले नाहीत.

भाऊ, जीवराम सुरतेला नाही. कधी गेलाच नाही. तो इथेच मधल्या खोलीत खाटेवर आहे.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर पहूरला सराव होता. मंडळाच्याच पोरांनी दोन बाजू केल्या होत्या. उखर्डू चढाईला आला. जीवरामने त्याच्या घोट्यात सूर मारला आणि उखर्डूने उडी घेतली. तो उतरला तेव्हा त्याचा गुडघा जीवरामच्या मानेवर आला. पोरगा पडला तो उठला नाही. औरंगाबादला नेला, मुंबईला नेला. मानेखाली काही हलत नाही. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलतात.

लोक बघायला यायचे. दारात उभं राहून चुकचुकायचे आणि जायचे. यांना ते सोसेना. मंडळ सोडलं. संघातल्या पोरांना शपथ घातली की गावाबाहेर बोलायचं नाही. कोणी विचारलं तर सुरतेला लागला म्हणून सांगायचं. तुम्हाला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं. म्हणाले, “अभिमन माझी कीव करेल, ते मला बघवणार नाही.”

सुरुवातीला उखर्डूला यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तो ओट्यावर येऊन बसायचा. शिव्या दिल्या तरी बसायचा. एके दिवशी जीवरामला कुशीवर करताना यांची कंबर धरली. हे खाली बसले आणि जीवराम अर्धा खाटेबाहेर. मी एकटी काय करणार? मी ओरडले. उखर्डू धावत आत आला, त्याने जीवरामला लेकरासारखा उचलला आणि नीट ठेवला. त्या दिवसापासून सकाळी डाळ मिलला जायच्या आधी आणि सुटी झाल्यावर तो येतो. अंघोळ घालतो, पाठ पुसतो, कूस बदलतो. डॉक्टर म्हणतात, इतके महिने खाटेवर असून पाठीला एक जखम नाही, हे नवल आहे. तो आणि जीवराम भांडतात, हसतात. जीवराम दुसऱ्या कोणाशी हसत नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं, तेव्हापासून यांचं जेवण कमी झालं होतं. उखर्डू गेला तर माझ्या पोराला कोण उचलेल, हे एकच त्यांच्या डोक्यात. त्याच भीतीपोटी त्यांनी तुम्हाला ते ‘हो’चं कार्ड लिहिलं. उखर्डूवर त्यांचा राग नाही. भाऊ, राग असता तर मला एवढा धक्का बसला नसता.

तुमच्या शेठनी अदलाबदल का नको, त्याचं कारण आमच्या चिटणीसांना कळवलं. चिटणीसांना अपघाताचं सगळं ठाऊक आहे. पण यांनीच लिहून दिलं म्हटल्यावर त्यांना ते खरं वाटलं. शनिवारी त्यांनी उखर्डूला सगळ्या संघासमोर उभं केलं, विकाऊ म्हणाले आणि अंगावरची संघाची बनियन काढून घेतली. तो थंडीत तसाच उघडा आमच्याकडे आला. मी यांचा सदरा दिला. त्याने पाणी तापवलं, जीवरामला अंघोळ घातली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी संघातला एक जण येऊन जीवरामला सगळं सांगून गेला. जीवरामने बापाला हाक मारली. म्हणाला, “‘हो’ असं तुम्ही लिहिलं, बाबा?” यांनी मान खाली घातली. मला तोवर काहीच माहीत नव्हतं. पडल्यापासून जीवराम रडला नव्हता, त्या दिवशी रडला. डोळे मी पुसले. त्याला पुसता येत नाहीत.

उखर्डू सामने विकत नाही, भाऊ. कोणी घोट्यात आलं की त्याला जीवराम दिसतो, म्हणून तो पाय खाली ठेवतो. तुमच्या हातून त्याचं नाव खराब झालं आणि ते आमच्यामुळे झालं. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा.

कमलबाई


धुळे
८ डिसेंबर १९८६

वहिनी,

तुमचं पत्र ताईबाईला वाचून दाखवायला घेतलं. ‘मधल्या खोलीत खाटेवर’ इथपर्यंत आलो आणि पत्र तिच्याकडे सरकवलं. पुढचं तिने वाचलं. वाचून होईतो चूल विझून गेली.

मी फैजपूरला दोरीला लागून बसलो होतो आणि स्वतःला मोठा जाणकार समजत होतो. त्याने पाय खाली ठेवला तो मला दिसला. का ठेवला, ते विचारायचं मला सुचलं नाही. मी थेट चोर ठरवून मोकळा झालो.

दलिचंदशेठकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर ट्रंक कॉल लावून तुमच्या चिटणीसांना सांगितलं की, ज्या पोरांसमोर त्याची बनियन काढली, त्याच पोरांसमोर ती परत त्याच्या हातात द्या.

रविवारी मी पिंप्राळ्याला येतो आहे. पुनाभाऊंनी दार लावून घेतलं तर मीही ओट्यावर बसेन, मला वेळच वेळ आहे. बरोबर रुपचंदला आणतो. तो यायला तयार नव्हता. मी म्हटलं, ज्याला मोडका म्हणतोस तो काय करतो, ते एकदा डोळ्यांनी बघ.

अभिमन


पिंप्राळा
१६ डिसेंबर १९८६

अभिमन,

तू दारात उभा होतास आणि मला रामरामसुद्धा म्हणता आला नाही. तू पुढे होऊन मला मिठी मारलीस. मला ते आवडलं नाही. पण तू गेल्यावर बरं वाटत राहिलं. तू कीव करशील या भीतीने मी वर्षभर खोटं जगलो आणि तू आल्या आल्या विचारलंस काय, तर “पुनाभाऊ, घरात सुपारी आहे का?” कमल अजून त्यावर हसते.

तुम्ही दोघं स्टँडकडे गेलात त्यानंतर काय झालं ते लिहितो. तुला कळायला हवं.

उखर्डू नेहमीसारखा आला. घंगाळात पाणी ओतत होता. जीवराम म्हणाला, “अभिमनआबा येऊन गेले. तू धुळ्याला जायचं.”

“नही जात.”

“का?”

“तुले कोन उचलीन?”

“ते माझं मी बघेन.”

“काय बघशीन? तुले मान तं वळवता येत नही.”

मी दचकलो. या घरात जीवरामशी असं कोणी बोलत नाही. आम्ही त्याच्यासमोर ‘चालणं’ हा शब्दसुद्धा टाळतो. आणि जीवराम हसला. मग हसू गेलं त्याचं. म्हणाला, “उखर्डू, तू मला उचलतोस ते मला चालतं. पण मैदानावर माझ्या नावाने पाय खाली ठेवतोस, ते नाही चालत. मी सूर मारला तो तुला धरायला. तू उडी मारलीस ती सुटायला. आपण दोघंही बरोबर खेळलो होतो. आता तू रोज चूक खेळतोस आणि नाव माझं लावतोस. एक पडला आहे तेवढा पुरे. तू धुळ्याला जाणार नसशील, तर उद्यापासून या घरात यायचं नाही.”

उखर्डूच्या हातात टॉवेल होता. तो तसाच उभा. मला वाटलं, आता हा रडेल किंवा निघून जाईल. त्याने माझ्याकडे पाहिलं. अभिमन, ज्याने माझा मुलगा उचलला त्याचं नाव मी चिखलात टाकलं होतं, आणि तो अजूनही माझ्या परवानगीची वाट बघत होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्याच्या पाया पडायला वाकलो. कमल किंचाळली. वाकलो आणि कंबर अडकली, वर येता येईना. मग त्यानेच मला दोन्ही खांद्यांना धरून सरळ केलं. म्हणाला, “भाऊ, असं नका करू. मी जातो.”

मग पाणी निवलं म्हणून त्याने ते पुन्हा तापवलं.

तो संक्रांत झाली की येईल. त्याला पहिले काही दिवस सांभाळून घे. चूक झाली तर ओरड, गप्प बसू नको, गप्प बसणारा माणूस त्याला घाबरवतो. आमची काळजी करू नको. एखादा माणूस लावू. रुपचंद इकडे आला तर गिरणाकाठसाठी खेळेल, त्यावर आमच्या घरचा काही हक्क नाही, हे त्याला स्पष्ट सांग.

पुना


धुळे
२८ डिसेंबर १९८६

पुनाभाऊ,

तुमचं पत्र आलं त्याच्या आधीच इकडे एक गोष्ट झाली होती. विश्वास बसणार नाही तुमचा. माझाही अजून बसत नाही.

त्या रविवारी आम्ही एस.टी.त बसलो. रुपचंद खिडकीशी. तुमच्या घरात तो खोलीच्या दाराला टेकून उभा होता आणि एक शब्द बोलला नव्हता, ते तुम्ही पाहिलंच. मला वाटलं, याला कशाचं काही नाही. एरंडोल मागे पडलं तेव्हा त्याने विचारलं, “आबा, तो डाव्या कोपऱ्यातच होता ना?”

म्हटलं, “हो.”

“घोट्यातच सूर मारला होता?”

“हो.”

“म्हणजे माझीच पकड.”

तो आपली मान चाचपत बसला. दर सामन्यात तो असे सूर मारतो, आणि मीच त्याला आणखी मार, आणखी मार म्हणून ओरडत असतो. पारोळ्याला गाडी थांबली. मी चहा घेऊन आलो, तर हा म्हणतो, “मी जातो जळगावला.” मी म्हटलं, “अरे, आज सकाळपर्यंत माझ्याशी बोलत नव्हतास.” तर म्हणाला, “सकाळी मी त्याला पाहिलं नव्हतं.” आणि मग एक विचारलं. म्हणाला, “कुशीवर वळवताना मानेखाली कुठला हात घालायचा, हे उखर्डू मला शिकवेल का?”

पुनाभाऊ, त्याला हे कोणी सांगितलं नाही. मी तर नाहीच. हा पोरगा स्वतःच्या घरी पाण्याचा पेलाही उचलून ठेवत नाही, असं त्याची आई सांगते.

तेव्हा माणूस लावू नका. संक्रांतीच्या आधी रुपचंद तुमच्याकडे येईल, चार दिवस उखर्डूबरोबर काम शिकेल, आणि मग उखर्डू इकडे येईल. उखर्डूची डाळ मिलमधली जागा त्याला मिळेल, असं तुमचे चिटणीस म्हणतात. राहायला जागा मात्र तुम्ही द्या. खातो भरपूर, हे वहिनींना आधीच सांगून ठेवा.

अभिमन


धुळे
४ मार्च १९८७

चि. जीवराम,

आज पत्र तुला लिहितो आहे, तुझ्या बाबांना नाही. कारण पारोळ्याला परवा जे झालं, त्याचा जाब मला तुझ्याकडूनच हवा आहे.

उखर्डू आला तेव्हा पंधरा दिवस त्याने आमची झोप उडवली. निदानरेषा आणि परत, निदानरेषा आणि परत. दलिचंदशेठ मला तोंडावर काही बोलत नव्हते, पण दुकानावर गेलो की चहा विचारायचे बंद झाले होते. मी तुझ्या बाबांनी सांगितल्याप्रमाणे ओरडायचो. मग एका सकाळी सरावात आमचा नवा कोपरा त्याच्या घोट्यात आला आणि उखर्डू उडाला. उतरला, आणि मध्यरेषेकडे यायचं सोडून मागे वळून त्या पोराकडे धावला. “लागलं का? मान हालव. मान हालव आधी.” पोरगा म्हणाला, “मला काय झालंय?” आणि उखर्डूचाच पाय धरून त्याला तिथेच बाद केला. आम्ही कोणी हसलो नाही. पण त्या दिवसानंतर तो उडू लागला.

आणि परवा पारोळ्याला आमची गाठ पडली ती गिरणाकाठशी. समोर डाव्या कोपऱ्यात रुपचंद. गुण समसमान, शेवटची मिनिटं, उखर्डूची चढाई. रुपचंद खाली बसला. रुपचंद झेपावला, उखर्डू उडाला, आणि मैदान उभं राहिलं. मीही हात वर केले. आणि बघतो तर काय, रुपचंदने सूर मारलाच नव्हता! नुसता खांदा पुढे टाकला होता. तो तिथून उठून एक पाऊल मागे गेला होता, आणि उखर्डू खाली येतो न येतो, तोच त्याने त्याला कमरेत धरून असा अलगद उतरवला, जशी बाई डोक्यावरची घागर उतरवते. पंच शिट्टी वाजवायची विसरला. अशी पकड मी माझ्या आयुष्यात पाहिली नाही. आम्ही एका गुणाने हरलो.

मी धावत मैदानात गेलो, वाटलं कोणाला तरी लागलं. दोघं मातीत पडले होते आणि उखर्डू हसत होता. मी त्याला हसताना प्रथमच पाहिला. हरून हसतोस काय, म्हटलं. तर म्हणाला, “आबा, ह्याले हे कोनी शिकवलं, मले माहीत हाये.” रुपचंदला विचारलं, तर तो आकाशाकडे बघतो. म्हणाला, “मला काय विचारता? खाटेवरच्याला विचारा.”

म्हणून विचारतो आहे. खाटेवर पडून तू माझा सामना हरवलास का?

तुझा
अभिमनआबा


पिंप्राळा
१० मार्च १९८७

अभिमनआबांना जीवरामचा नमस्कार.

अक्षर रुपचंदचं आहे, शब्द माझे आहेत. मध्ये कुठे त्याची स्तुती आली, तर ती त्याने आपल्या मनाने घातली, असं समजा.

होय, हरवला.

रुपचंद आला तेव्हा पहिले काही दिवस तो मला काचेचं भांडं असल्यासारखा हात लावायचा. मी कंटाळलो. म्हटलं, त्यापेक्षा खेळाचं बोल. मग तो सरावाहून आला की कोण कसा आला, कोण कुठे सुटला, सगळं मला सांगायला लागला. बाबा आधी ओट्यावरून ऐकायचे. मग उंबऱ्यात येऊन बसले. मग एक दिवस खडू आणला आणि समोरच्या भिंतीवर, मला पडल्या पडल्या दिसेल असं मैदान काढलं. आई ओरडली, नुकताच चुना लावला होता. आता रोज संध्याकाळी मंडळाची निम्मी पोरं या खोलीत असतात. बघायला येणारे आता येत नाहीत, कारण त्यांना बसायला जागाच नसते. चिटणीस स्वतः येऊन बाबांना म्हणाले, भाऊ, परत या. बाबा म्हणाले, मी कुठे गेलो होतो?

उखर्डूचा मला राग आहे का, असं तुम्ही आला होतात तेव्हा डोळ्यांनी विचारत होता. मी सांगितलं नाही, आता सांगतो. पडलो तेव्हा होता. फार होता. तो ओट्यावर बसायचा, तेव्हा आतून मी त्याला बाबांपेक्षा वाईट शिव्या द्यायचो. आज नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही.

रविवारी तो आला होता. रुपचंदला बाजूला सारून अंघोळ त्यानेच घातली. दोघांचं त्यावरून भांडण झालं. उडी मारताना माझं काय चुकतं, असं तो मला सारखा विचारत होता. मी सांगेना, तेव्हा त्याने माझ्या डोळ्यांत साबण जाऊ दिला. तरी मी सांगितलं नाही.

तुम्हीही आता तेच विचाराल. आबा, वडीलधाऱ्यांना नाही म्हणू नये, पण नाही. उडी घेण्याआधी तो एक गोष्ट करतो. ती मी हजार वेळा पाहिली आहे, सगळ्यांत जवळून पाहिली आहे. ती मी रुपचंदला सांगितली, आणखी कोणाला सांगणार नाही. तो आता तुमचा गडी आहे. त्याला चांगला तयार करून आणा. एप्रिलमध्ये जामनेरला आपली गाठ आहे.

जीवराम पुना पाटील
डावा कोपरा, गिरणाकाठ क्रीडा मंडळ